रेडिओचे एक्केचाळीस डाग

धसईच्या आठवडी बाजारात तांदळाची पोती संपली की भाजीवाल्या बायका लागत. त्यांच्याही पलीकडे, जिथे कुणी सहसा बसत नसे, तिथे भागीरथी कोळशाची शेगडी मांडून बसे. गळकी कंदिलाची टाकी, फुटलेला डबा, बूड गेलेलं दुधाचं कासांडं असं काहीबाही लोक तिच्यापुढे आणून ठेवत. ती भांडं उजेडात धरून भोक शोधी, कानशीनं घासून जागा पांढरी करी, कोंबडीच्या पिसानं तेजाबपाणी लावी आणि शेगडीत तापलेला तांब्याच्या टोकाचा दांडा कथलाला टेकवून डाग देई. तेजाबपाणी म्हणजे मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे विरवून केलेलं पाणी. ते लावलं की कथील कसं पत्र्यावर सरसर पसरे. त्याचा धूर मात्र घशात बसे, आणि बाजार उठेपर्यंत तिला खोकला लागलेला असे.

हा धंदा तिचा नव्हे, नवऱ्याचा. धर्मा बारा वर्षं कसाऱ्याला रेल्वेच्या दिव्यांच्या खोलीत कामाला होता. सिग्नलचे, गार्डाचे दिवे दुरुस्त करायचे, गळतील तिथे डाग द्यायचे. मग त्याच्या हातांना कंप सुटला. वैद्य झाले, देवऋषी झाले, कारण कुणाला कळलं नाही. भरलेला पेला तोंडाशी नेता येईना, तेव्हा तो आपला दांडा आणि कानस फडक्यात बांधून डोळखांबच्या वाटेनं चालत गावी आला. घरी भाताची दोन खाचरं होती, तीही भावासोबत वाटून. पहिल्या महिन्यात त्यानं ओटीवर बसून बायकोला काम शिकवलं. हात तिचे, डोळे तिचे, आणि बोलणं त्याचं. "दांडा लाल नको करू. कथील ओतायचं नाय, त्याला बोलवायचं," असं तो सांगे. ती लवकर शिकली. एकदा एक गिऱ्हाईक कंदील परत घेताना सहज म्हणून गेला, "धर्मा, तुझ्यापरीस हिचा डाग बरा बसतो रे." धर्मा हसला. पण त्या दिवसानंतर कामाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तिनं काही दाखवायला आणलं तर तो मान वळवून अंगणाकडे बघे. पुढे तिनंही दाखवणं सोडलं. याला चार वर्षं झाली होती.

एकोणीसशे अडतीस सालच्या थंडीत, ऐन बाजाराच्या दिवशी, कमळाकर मास्तर धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली एक लाकडी पेटी घेऊन तिच्यापुढे येऊन बसले. मास्तर मूळचे कल्याणकडचे, धसईला बदलून येऊन दोन वर्षं झालेली. सुट्टीत मुंबईला गेले असताना त्यांनी एका दुकानातून रेडिओचे सुटे भाग आणले होते. तयार रेडिओ आपल्या आवाक्यात नाही, पण हे भाग सोबतचा जोडणीचा नकाशा बघून जोडले की तसाच रेडिओ होतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. महिनाभर खपून मास्तरांनी तो जोडला, आणि पेटीतून चकार आवाज निघाला नाही.

"डाग मीच दिलेत," मास्तर म्हणाले. "पण ते टिकत नाहीत, भागीरथीबाई."

तिनं पेटी उन्हात फिरवली. आत बारीक तारांचं जाळं होतं, काचेचे दोन दिवे होते आणि जागोजाग कथलाचे गोल मणी बसले होते. तिनं एका मण्याखाली नख घातलं. मणी टपकन निघून तिच्या पदरात पडला.

"गार डाग हायेत, मास्तर. कथील वर नुसतं बसलंय, तारेला धरलंच नाय. हितं नाय व्हायचं हे. तुमच्या घरी येते."

मास्तरांच्या घरी ती दोन दिवस बसली. आतल्या खोलीत मास्तरांची बायको चंद्रकला खाटेवर पडून असे. आदल्या वर्षी तिचं मूल जन्मतःच गेलं होतं, तेव्हापासून तिनं अंथरूण धरलं होतं. ताप नव्हता, दुखणं बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ती फक्त उठत नव्हती. माहेरी असताना शेजारच्या घरातला रेडिओ ती भिंतीला कान लावून ऐकायची, म्हणून मास्तरांनी हा उद्योग मांडला होता. हे मास्तरांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रकलेनंच खाटेवरून सांगितलं, छताकडे बघत.

भागीरथीनं सगळे मणी काढून टाकले आणि आपल्या पद्धतीनं तेजाबपाणी लावून एकेक डाग नव्यानं दिला. एकूण एक्केचाळीस. नकाशा तिला वाचता येत नव्हता, पण कुठली तार कुठे जाते ते एकदा बघितलं की तिच्या डोक्यातून जात नसे. मास्तरांनी बॅटऱ्या जोडल्या, दोन झाडांमध्ये ताणलेली तार पेटीला लावली, आणि कर्ण्यातून आधी खरखर आणि मग एका बाईचं गाणं बाहेर आलं. ओटीपुढे माणसं गोळा झाली. भागीरथी शेगडीतले निखारे विझवत होती. ती कमरेवर हात देऊन उठली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि दीड तासाची वाट होती म्हणून निघाली. पण वाटेत तिला बरं वाटत होतं, हे खरं.

पुढचे सहा महिने बाजारात लोक तिला रेडिओवाली म्हणू लागले. चंद्रकला संध्याकाळी उशी पाठीशी घेऊन बसते, कधी ओटीपर्यंत येते, असं कुणीकुणी सांगे.

आषाढात रेडिओ बिघडला. आधी नुसती खरखर वाढली. मग गाणं मधेच तुटे आणि पेटीवर थाप मारली की परत सुरू होई. मग थापेलाही दाद देईना. मास्तरांना वाटलं बॅटरी उतरली. ते तेजाबाची जड बॅटरी मोटारीतून कल्याणला नेऊन भरून घेऊन आले. काही फरक पडला नाही. मग झाडावरची तार उतरवून पुन्हा चढवली. मग दिव्यांवर संशय गेला. तीन आठवडे असे गेल्यावर ते बाजारात भागीरथीपुढे येऊन उभे राहिले. दोष त्यांनी दिला नाही. "एकदा बघून जा," एवढंच म्हणाले.

ती लावणीच्या कामानं आधीच मोडून गेलेली. दुसऱ्यांच्या शेतात दिवसभर वाकून पाय पाण्यानं पांढरे पडलेले. तरी ती गेली. सगळे डाग तिनं निरखून बघितले. वरून ते जसेच्या तसे होते, गुळगुळीत, चकचकीत. बोरूच्या टोकानं तिनं एकेक डाग हलवला, तर सातव्यापाशी कर्णा खरखरला. तिनं बॅटऱ्या सोडवायला लावल्या, थोडं जास्तच तेजाबपाणी लावून तो डाग पुन्हा दिला, आणि पेटी गाऊ लागली. दोन दिवसांनी निरोप आला, बंद पडलीय. ती पुन्हा गेली. या वेळी दुसराच डाग निघाला. पाचव्या दिवशी तिसरा. असं ती चार वेळा चिखलातून गेली आणि आली. एक धरला की दुसरा सुटे. चौथ्या खेपेला आतल्या खोलीत चंद्रकला भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. भागीरथीनं हाक मारली तरी तिनं कूस बदलली नाही. खाटेखाली सकाळचं ताट तसंच झाकून ठेवलेलं दिसलं.

घरी आल्यावर भागीरथीनं चूल पेटवली नाही. ती ओटीच्या कडेला पाय सोडून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली. धर्मा नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसलेला होता. त्याचे हात मांडीखाली दाबलेले असत. तसे धरले की कंप दिसत नसे.

"परत बिघडला?" त्यानं विचारलं.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या कामाचं काही विचारलं होतं. ती इतकी दमली होती की ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"परत."

"काय लावतेस त्याला?"

"तेजाबपाणी. आनखी काय लावनार?"

"तारेला?"

"मंग."

धर्मानं खांबाची टेक सोडली. मग अंगणाकडे बघत बोलू लागला. "कसाऱ्याला आमच्या खोलीला लागून तारा पाठवनाऱ्या तारवाल्यांची खोली व्हती. आमची तेजाबाची बाटली ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. तारेला ते राळ लावत, नुसती राळ. पत्रा जाड असतो, त्याला तेजाब पचतं. तार बारीक. डाग वरनं चकचकीत ऱ्हातो नि आत तार खाल्ली जाते. पावसाळी हवेत तर लवकरच."

भागीरथीनं मान वर केली. "तुमाला म्हाईत व्हतं."

"व्हय."

"मी सा महिन्यांपूर्वी दोन दिवस तितं बसले तवा म्हाईत व्हतं."

"व्हय."

"मंग सांगितलं का नाय?"

"तू इचारलं नाय."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं?"

त्याच्या मांडीखालचे हात सुटून बाहेर आले आणि कापत राहिले. भागीरथीला राग आला होता, पण रागवायलाही अंगात जीव लागतो. ती उठली, आत गेली, कालची भाकरी दोघांसाठी मोडून घेऊन आली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "उद्या तुमी चला संगती."

"माझे हात बघतंस ना."

"हात माझे हायेत. तुमचे कान पायजेत."

सकाळी तो निघाला. चार वर्षांत तो गावाच्या वेशीबाहेर गेला नव्हता. बांधावरून चालताना तोल जाई म्हणून ती पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तो मागे, असे दोघे धसईला पोचायला दुपार झाली.

मास्तर शाळेतून जेवायला घरी आलेले होते. भागीरथीनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मास्तर, पेटीत खोट नाय, तुमच्या बॅटरीत नाय. माझ्या हातानं बिघडलीय. मी जे लावलं ते तारेला चालत नाय. मना म्हाईत नव्हतं."

मास्तरांनी खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून नकाशाचा घडी घातलेला कागद काढला. ते व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेले. इंग्रजी शब्दकोश घेऊन आपलं आपण शिकलेले. कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या, त्यांच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे इथे लिहिलेलं आहे. डाग देताना तेजाब वापरू नये, फक्त रेझिन वापरावं. मी शब्दकोशात रेझिन बघितलं, तर झाडाचा चीक असं निघालं. मला वाटलं, तारेला झाडाचा चीक कशाला, छापताना चुकलं असेल. आणि तुमच्या बाटलीत काय आहे ते मी विचारलंच नाही. तुम्हाला विचारलं तर आपल्याला येत नाही हे दिसेल, असं वाटलं."

"चीकच तो," धर्मा दारातून म्हणाला. "वाळलेला. त्यालाच राळ म्हंतात. धुपाबरोबर वाण्याकडं मिळते."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस कोण, हे त्यांना भागीरथीनं सांगितलं. मग ते स्वतः वाण्याकडे जाऊन पुडी घेऊन आले.

काम तीन दिवस चाललं. दोघं मास्तरांच्याच ओटीवर राहिली. पेटीतला एकूण एक डाग सोडवला. जुनं कथील पुसून काढलं. खालची तांब्याची टोकं हिरवी कळकलेली निघाली. काही तर नुसत्या स्पर्शानं भुकटी होऊन गळाली. तेवढी तोडून टाकायची, गरम पाण्यात सोडा घालून जागा धुवायची, कोरडी करायची, चाकूनं खरवडायची आणि राळेची चिमूट टाकून नवा डाग द्यायचा. राळेनं कथील तेजाबपाण्यासारखं धावत नाही. जागा आरशासारखी स्वच्छ नसेल तर ते रुसून बसतं. भागीरथीला एकेका डागाला दोन दोन, तीन तीन वेळा हात घालावा लागे. डोळ्यांतून पाणी गळे. पाठ भरून येई. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दांडा शेगडीत ठेवून भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. धर्मानं तिला उठवलं नाही. दांडा लाल व्हायला लागला तेव्हा त्यानं पायानं ढकलून तो शेगडीबाहेर काढला.

डाग झाला की तो पारखायचं काम धर्माचं. मास्तरांच्या पेटीबरोबर कानाला लावायचे दोन गोल कर्णे आले होते. टॉर्चच्या एका सेलला ते जोडायचे, एक टोक डागाच्या अलीकडे, एक पलीकडे टेकवायचं. डाग धड असेल तर कानात टक असा स्वच्छ आवाज येतो. खोटा असेल तर कुजबुज येते किंवा काहीच येत नाही. ही युक्तीही त्यानं तारवाल्यांकडे बघितलेली. टोकं भागीरथी टेकवी. धर्मा डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "आला," किंवा म्हणे, "नाय, परत कर." तो परत कर म्हणाला की ती मुकाट्यानं परत करी. या तीन दिवसांत त्यांच्यात जे बोलणं झालं ते बहुतेक एवढंच. पण ते चार वर्षांत झालेल्या बोलण्यापेक्षा जास्त होतं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रकला आतल्या दाराशी येऊन बसू लागली. चौकटीला डोकं टेकवून ती बघत राही. एकदा तिनं विचारलं, "भागीरथीबाई, हे असं दर वेळी सगळं उचकटायचं, कंटाळा नाही येत?"

"येतो," भागीरथी म्हणाली. "लई येतो."

"मग?"

"मंग काय. डाग माझेच हायेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळीसही डाग झाले. बॅटऱ्या जोडल्या, दिवे लागले, आणि पेटी गप्प. खरखरसुद्धा नाही. मास्तर मटकन खाली बसले. भागीरथीनं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. आता पुन्हा पहिल्यापासून जायचं, हा विचारच तिला सोसवेना. मग धर्मानं कर्णे कानाला लावले आणि म्हणाला, "बॅटऱ्या काढा. डाग सोड गो आता. तारा बघू."

मग त्यांनी तारच तपासायला घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेटीच्या मधोमध पुठ्ठ्याच्या नळीवर रेशमात गुंडाळलेली केसासारखी बारीक तार वेटाळलेली होती. तिच्या दोन्ही टोकांचे डाग धर्मानं पास केलेले होते. पण या टोकापासून त्या टोकाला सेल लावला तर कानात काहीच येईना. भागीरथीनं चिंचेचा काटा घेतला आणि नळीच्या बुडापासून रेशीम अलगद बाजूला सारत गेली. डागापासून दोन बोटं आत रेशमावर हिरवट ठिपका दिसला, तिळाएवढा. तेजाबपाणी तिथवर झिरपलं होतं. वरचं रेशीम शाबूत आणि आतली तार खाऊन तुटलेली. तिनं तो तुकडा काढला, वरचा एक वेढा उसवून चांगली तार खाली आणली, राळ लावली आणि श्वास धरून डाग दिला.

"आला," धर्मा म्हणाला.

बॅटऱ्या जोडल्यावर कर्ण्यातून कुणी पुरुष शेतीतल्या खतांबद्दल बोलत होता. मास्तर हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरले. चंद्रकला उठून पेटीजवळ आली. गाणं नव्हतं, तरी ती तशीच उभी राहून ते खतांचं सगळं भाषण ऐकत राहिली. मग आत गेली आणि तिघांसाठी चहा टाकला. मास्तर सांगत, त्या वर्षात तिनं चूल पेटवलेली ती पहिली वेळ. पुढे ती अगदी पहिल्यासारखी झाली असं नाही. पण घरातलं करू लागली, माहेरी जाऊन येऊ लागली.

परतीच्या वाटेवर धर्मा दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा म्हणाला, "त्या कंदीलवाल्याचं खरं व्हतं. तुझा डाग माझ्यापरीस बरा बसतो."

"राळेला नाय बसत अजून," भागीरथी म्हणाली. ती त्याच्या शेजारी दगडावर बसली आणि दोघांनी पाटीतले शेंगदाणे खाल्ले.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी धर्मा तिच्याबरोबर येऊ लागला. तो भांडं हातात घेत नसे. गिऱ्हाइकाशी बोले, काय गळतं, कशासाठी वापरता ते विचारी, आणि मग तिला सांगे. तिच्याजवळ आता तेजाबपाण्याची बाटली आणि राळेचा डबा असे दोन्ही असत.

मास्तरांची बदली दोन वर्षांनी शहापूरकडे, खर्डीला झाली. जाताना ते रेडिओ घेऊन गेले. लढाई लांबत गेली तशा बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या आणि पेटी तिकडे फळीवर नुसती पडून राहिली, असं त्यांच्या एका पत्रातून कळलं. ते पत्र धसईच्या पोस्टमननं बाजारात वाचून दाखवलं. डाग सगळे शाबूत आहेत, असं मास्तरांनी मुद्दाम लिहिलं होतं.

लढाईत कथीलही दिसेनासं झालं. भागीरथी भंगारातले जुने डबे घेई, त्यांचे सांधे तापवून कथील निथळून काढी आणि त्याच्यावर काम भागवी. त्रेचाळीस साली, भाद्रपदात, धर्मा चार दिवसांच्या तापानं गेला. ती पंधरा दिवस बाजारात आली नाही, नंतर आली. गिऱ्हाइकाला विचारायचं काम आता तिलाच करावं लागे आणि बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे लोकांना ती तुसडी वाटे.

सत्तेचाळीस सालापर्यंत तिनं शेगडी चालवली. मग डोळ्यांना बारीक भोक दिसेना. एका बाजारी तिनं एका बाईचा कंदील डाग देऊन परत केला, आणि ती बाई थोड्या वेळानं तेल गळतंय म्हणून परत आली. भागीरथीनं कंदील उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. मग तिच्या हातात परत देत म्हणाली, "मुरबाडला दुसरा हाय एक, त्याच्याकडं ने. माझ्याच्यानं आता व्हत नाय." त्या दिवशी तिनं निखारे विझवले, शेगडी पालथी करून राख झटकली आणि बाजार भरात असतानाच घरची वाट धरली.